पळसफुलांच्या अर्कावर काम सुरू करताना
फाल्गुनात गडचिरोलीकडचा पळस फुलला, की खाली पडलेली फुले वेचण्याऐवजी तुम्ही ती सकाळी फांदीवरूनच तोडावीत आणि सावलीत वाळवावीत, कारण कडक उन्हात फ्लॅव्होनॉइडांचा (फुलांतील ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांचा) ऱ्हास होतो. अर्कासाठी ७० टक्के इथेनॉल चालते. अर्काची ऑक्सिडीकरणरोधक ताकद पाहण्यासाठी डीपीपीएच या जांभळ्या रसायनाची चाचणी करतात; तीत अर्कामुळे जांभळा रंग किती फिका पडला हे ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर मोजतात; पण पळसाचा अर्क मुळातच केशरी असल्यामुळे, डीपीपीएच न घातलेल्या अर्काचे प्रकाशशोषण वेगळे मोजून वजा केले नाही, तर आकडा फसवतो, आणि ही चूक मी पहिल्या हंगामात केली होती. तुलनेसाठी ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) घ्यावे. दाहशामक (सूज कमी करणाऱ्या) गुणासाठी अल्ब्युमिनची चाचणी, म्हणजे तापवल्यावर हे प्रथिन बिघडण्यापासून अर्क किती वाचवतो ते पाहणे, सोपी आहे; मात्र तेवढ्यावरून गावात कुणाच्या सुजलेल्या गुडघ्यासाठी हा अर्क कृपया देऊ नका.