राउटर बदलू नका, आधी झाकण काढा

निपाणीच्या भाऊंनी विचारलंय की रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा, एकाच बोर्डावरचा संगणक) बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलाय, बोर्ड चालतो, पण वाय-फाय सारखं तुटतं, तर नवा राउटर घ्यावा का. वाचताना वाटलं, ही तर माझीच कथा कुणीतरी परत लिहिलीय.

माझा डबा स्टीलचा, घरातल्या चकलीचा. भोकं पाडली, कानस मारली, हवा खेळावी म्हणून वर जाळीसारखी छिद्रं केली, स्वतःवरच खूश झालो. राउटरच्या शेजारी ठेवला की चालायचा. माडीवर नेला की बंद. पिना तपासायला झाकण काढलं की परत सुरू! म्हणून मी समजलो कुठंतरी लूज कनेक्शन आहे, आणि ते सापडेना म्हणून सगळा राग लाइनवर काढला.

बेळगावातल्या एका इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात पाच चकरा झाल्या. दर वेळी काउंटरवरचं पोरगं म्हणणार, "आमच्या साइडनं ओके आहे सर." तक्रारीचा नंबर मागितला तर साहेब जेवायला गेलेले. सकाळी साडेदहाला! चौथ्या खेपेला १,८०० रुपयांचा राउटर गळ्यात मारला. लाइन ठीक होती हे त्यांचं म्हणणं खरंच होतं की. पण घरातले मोबाइल चालतात, मग हा एकच बोर्ड का चालत नाही, तो ठेवलाय कशात, एवढं एकानं विचारलं असतं तर माझे दोन महिने आणि पेट्रोल वाचलं असतं.

शेवटी गणपतीत बायकोनं चिवड्यासाठी डबा परत मागितला. बोर्ड उघडाच टेबलावर ठेवला, आणि माडीवर सिग्नल फुल्ल.

पाय ४ चा अँटेना बोर्डावरच छापलेला असतो, यूएसबी पोर्टांच्या विरुद्ध टोकाला, जीपीआयओ पिनांच्या (बाहेरच्या तारा जोडायच्या पिनांची लांब रांग) सुरुवातीच्या कोपऱ्यात. भोवती पत्रा आला की तो कोंडला. छिद्रांचा उपयोग नाही. २.४ गिगाहर्ट्झची लाट साधारण साडेबारा सेंटिमीटरची, ती ५-६ मिलिमीटरच्या भोकातून कुठली बाहेर पडणार? मायक्रोवेव्हच्या दाराला जाळी असते ती याचसाठी. केबलच्या मोठ्या भोकातून थोडं निसटतं, म्हणून जवळ चालतं आणि आपण फसतो.

आता माझं मत. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही, निवृत्त कारकून आहे, तेव्हा पटलं तर घ्या. नव्या डब्यासाठी ३ मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक किंवा पातळ प्लायवूड घ्या. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) नको, खानापूरकडे माझ्या मेव्हण्याकडचा एमडीएफचा डबा एका पावसाळ्यात पापडासारखा फुगला. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, किंवा साइनबोर्डवाल्याकडे लेझरनं कापून मिळतं, पण पीव्हीसीचा सनबोर्ड लेझरवर घालायला सांगू नका, क्लोरीनचा विषारी धूर होतो, मशीनही खराब होतं. डबा कापायचा नकाशा कागदावर छापताना "फिट टू पेज" बंद करा आणि पट्टीनं मोजा: बोर्ड ८५ बाय ५६, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर ५८ बाय ४९ मिलिमीटर. तयार नकाशा उतरवणार असाल तर तो पाय ४ चाच आहे ना बघा, ३ आणि ५ मध्ये लॅनचं पोर्ट दुसऱ्या बाजूला आहे.

स्क्रू एम २.५ लागतात. हार्डवेअरच्या दुकानात शोधत बसू नका, लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे जुन्यातले मूठभर देतात.

बंद डब्यात गरमी वाढते हे वेगळं सांगायला नको. ८० अंशांवर गेला की बोर्ड आपोआप हळू होतो, तेव्हा vcgencmd (बोर्डाचं तापमान दाखवणारी कमांड) नाही तर निदान हात लावून तरी बघत जा.

पत्र्याचाच डबा हवा असेल तर लॅन केबल लावा आणि खुशाल ठेवा. फक्त बोर्डाखाली प्लास्टिकचे स्पेसर (बोर्ड वर उचलून धरणारे तुकडे) घाला, नाहीतर मागची सोल्डरची टोकं पत्र्याला टेकून शॉर्ट होईल. तोवर आज रात्री झाकण काढून ठेवा आणि राउटरपासून लांबच्या खोलीत काय होतं ते कळवा.