आधी नाडी, मग कॅथेटर

प्रश्न : मॅडम, मी पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. इमर्जन्सीतल्या पहिल्याच नाइट ड्यूटीला लघवी अडकलेला बोका आला, अगदी निपचित. मी कॅथेटर (लघवी काढायची नळी) आणायला धावले, तर सिनियरनी मला थांबवून आधी ईसीजी लावला. माझं काय चुकलं? आणि हात भराभर चालावेत म्हणून काय करू?

उत्तर : अडथळा काढायचा हे तुला बरोबर सुचलं, क्रम तेवढा चुकला. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि त्याचा मार हृदयावर बसतो. दवाखान्यात घाबरलेल्या बोक्याचे ठोके मिनिटाला 200च्या आसपास असतात. निपचित बोक्याचे 100 भरले तर ते चांगलं लक्षण नव्हे. ईसीजीवर पी लाट दिसेनाशी होते, टी लाट उंच आणि टोकदार होते. अशात भूल दिली तर तो टेबलावरच जाऊ शकतो. म्हणून आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, अगदी सावकाश, नजर ईसीजीवर. त्यानं पोटॅशियम उतरत नाही; हृदय सावरतं, तेही थोडाच वेळ. तेवढ्यात सलाइन सुरू करायचं, गरज पडली तर इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण), मग कॅथेटर.

पुष्कळदा मालक 'याला शी होत नाहीये' म्हणूनच बोका आणतात. पोट हलक्या हातानं चाचप, मूत्राशय चेंडूसारखं कडक लागतं. दाबून रिकामं करायला मात्र जाऊ नकोस, फुटू शकतं.

वेगाचं म्हणशील तर तो लसीकरणाच्या टेबलावर कमावता येतो. येईल त्या धडधाकट कुत्र्या-मांजराच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी बघ. हिरडी दाबून सोड, रंग 2 सेकंदांच्या आत परत यायला हवा. शंभरेक निरोगी नाड्या बोटांखालून गेल्या की बिघडलेली नाडी बोटांनाच कळते.

आणि तोंड उघडून श्वास घेणारी मांजर आली तर ऑक्सिजन दे आणि तिच्याशी अजिबात झटापट करू नकोस. मी इंटर्न असताना अशा एका मांजरीला आम्ही एक्स-रेसाठी आडवं धरलं. ती तिथेच गेली. अजूनही तशी मांजर दारातून आत आली की माझा हात आधी ऑक्सिजनकडे जातो.

त्या रात्रीची ईसीजीची पट्टी ठेवली असेल तर सिनियरकडून मागून घे. कॅल्शियमच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही वहीत शेजारी शेजारी चिकटव.