वाचकांचे प्रश्न: एक कायदा आणि शेजारची तीन गावे

प्रश्न: आमचे घर सोलापुरातले, आजीचे माहेर अक्कलकोटचे आणि आत्याचे सासर तुळजापूर तालुक्यातले. ज्या कायद्याने देश स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली, त्याच कायद्याने 15 ऑगस्ट 1947 रोजी ही तिन्ही गावे स्वतंत्र भारतात आली का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: नाही. त्या दिवशी कायद्याच्या बळावर भारतात आले ते फक्त सोलापूर. 4 जुलै 1947 रोजी ब्रिटिश संसदेत मांडलेल्या आणि 18 जुलैला राजाची संमती मिळालेल्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने भारत आणि पाकिस्तान ही दोन वसाहतींची स्वराज्ये (डोमिनियन) निर्माण केली खरी, पण त्यांच्यात वाटला गेला तो ब्रिटिश हिंदुस्थानाचा, म्हणजे इंग्रजांच्या थेट अमलाखालचा मुलूख, आणि सोलापूर जिल्हा मुंबई प्रांतात असल्याने त्याच्याबाबत कसलाही प्रश्न उरला नाही. अक्कलकोट हे भोसल्यांचे संस्थान होते, तर तुळजापूर निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये मोडत होते.

संस्थानांविषयी या कायद्याने जे केले ते वरवर साधे आणि परिणामांनी फार अवघड होते. सातव्या कलमान्वये ब्रिटिश राजाची संस्थानांवरील अधिसत्ता, म्हणजे सर्वोच्च सत्ता, आणि तिच्याशी जोडलेले तह व करार संपुष्टात आले, मात्र ती अधिसत्ता दिल्लीला किंवा कराचीला मिळाली नाही. संस्थानांना सामील होण्याची वाट दुसऱ्या कलमाने मोकळी ठेवली, सक्ती कोणावर केली नाही. वीस कलमांच्या या कायद्यातील सर्वांत मोठी पोकळी हीच, असे माझे मत आहे. पुढचे वर्षभर सरदार पटेल आणि त्यांच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन तीच भरून काढत होते.

सातव्या कलमाला जोडलेले एक परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद, मात्र सोलापूरकरांनी मुद्दाम वाचावे असे आहे. जकात, वाहतूक, दळणवळण, टपाल आणि तार यांविषयीचे संस्थानांशी असलेले करार, दोहोंपैकी एक बाजू ते नाकारत नाही किंवा नवे करार होत नाहीत तोवर, चालू राहतील, असे त्यात म्हटले होते. मुंबईहून रायचूरकडे जाणारी गाडी सोलापूर सोडल्यावर गुलबर्ग्याला निजामाच्या हद्दीत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तरतुदीची गरज कळते.

अक्कलकोट 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झाले. हैदराबादने 29 नोव्हेंबर 1947 रोजी भारतात सामील न होता भारताशी केवळ जैसे थे करार, म्हणजे आहे ती व्यवस्था तात्पुरती चालू ठेवण्याचा करार, केला. अखेर 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या, त्यांतील मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने गेली आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. आपल्या आत्याच्या सासरचे स्वातंत्र्य त्या तारखेचे.

प्रश्न: पंजाब आणि बंगालची सीमारेषा याच कायद्यात आखलेली होती का?

उत्तर: आखलेली नव्हती. परिशिष्टांत जिल्ह्यांच्या तात्पुरत्या याद्या होत्या आणि अंतिम हद्द सीमा आयोगाच्या निवाड्यावर सोडली होती. तो निवाडा ठरलेल्या दिवसाआधी येवो वा नंतर, त्याला मान्यता राहील, अशी सोयही कायद्यातच होती. आयोगाचे अध्यक्ष रॅडक्लिफ यांचा निवाडा प्रसिद्ध झाला तो 17 ऑगस्टला. परिशिष्टानुसार गुरदासपूर आणि मुर्शिदाबाद पाकिस्तानच्या बाजूला होते. निवाड्याने मुर्शिदाबाद आणि गुरदासपूरचा बराचसा भाग भारताला मिळाला, तर यादीत नसलेले खुलना पाकिस्तानात गेले. स्वातंत्र्याचा दिवस आधी आणि हद्द मागाहून, हा क्रम लक्षावधी कुटुंबांना भोवला.

प्रश्न: हा कायदा आजही लागू आहे का?

उत्तर: भारतात नाही. राज्यघटनेच्या 395 व्या अनुच्छेदाने तो रद्द झाला. ब्रिटिश संसदेचा कायदा आपण कसा रद्द केला, ही शंका अभ्यासकही उपस्थित करतात. तिचे उत्तर त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात आहे, कारण नव्या स्वराज्याच्या विधिमंडळाला ब्रिटिश कायदे, अगदी हा कायदासुद्धा, रद्द करण्याची मुभा त्याने दिली होती. तरीही संविधान सभेने राज्यघटनेला ब्रिटिश राजाचे प्रतिनिधी असलेल्या गव्हर्नर जनरलची संमती घेतली नाही. 26 नोव्हेंबर 1949 रोजी तिने ती स्वतःच्याच अधिकारात स्वीकारली.