उद्याचा पाऊस चुकतो, मग पन्नास वर्षांपुढचं कसं मानू?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातला शेतकरी, सोयाबीन घेतो. गेल्या वर्षी मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला अंदाज वाचून पेरलं आणि पुढे अठरा दिवस उघडीप. दुबार पेरणी करावी लागली. ज्यांना उद्याचा पाऊस सांगता येत नाही, ते पन्नास वर्षांनंतरचं हवामान कसं सांगतात? मुलगी म्हणते, शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवा. माझा विश्वास वडिलांच्या वहीवर आहे. त्यांनी नक्षत्रवार पाऊस लिहून ठेवलाय. माझं काही चुकतं का?

उत्तर : दादा, दुबार पेरणीत बियाण्याचे पैसे तर जातातच, पण हातचा वाफसा जातो तो कुणी भरून देत नाही. तुमचा राग रास्त आहे.

माझे वडील तलाठी होते. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला ते कचेरीच्या आवारातला पर्जन्यमापक उघडायचे. नरसाळ्याखालच्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि कडेला चढलेलं पाणी सोडून मधल्या खळग्याशी दिसेल तो आकडा लिहायचा. एकदा कचेरीत ४० मिलिमीटर भरला आणि दोन कोसांवरच्या आमच्या रानात ढेकूळही भिजलं नव्हतं. आई म्हणाली, ‘तुमच्या वहीत पाऊस, आमच्या रानात धूळ.’ वडिलांची नोंद खरी होती आणि आईचं म्हणणंही.

अंदाजाचं तसंच आहे. हवामान खातं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतं तेव्हा त्या विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांहून जास्त. शब्द मोजूनमापून ठरवलेले आहेत, पण त्यांचं माप तुम्हाला कुणी सांगितलं का? तुमच्या मोबाइलवर येईपर्यंत ‘तुरळक’चं ‘धो धो कोसळणार’ झालेलं असतं. विश्वास उडतो तो इथे, आणि शास्त्रज्ञांनी ही जबाबदारी झटकू नये असं माझं ठाम मत आहे. पेरणीचं म्हणाल, तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल जाईपर्यंत थांबा. कृषी खात्याचा हा सल्ला कुठल्याही फॉरवर्डपेक्षा भरवशाचा.

आता पन्नास वर्षांचं. येत्या १४ मे रोजी बीडला किती ऊन असेल, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. पण मे महिना डिसेंबरपेक्षा तापेल यावर तुम्ही बैलजोडी पणाला लावाल. एक दिवस सांगणं वेगळं आणि ऋतूचा कल सांगणं वेगळं. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की उष्णता अडते, आणि हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. मग पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. हे गणित उद्याच्या ढगावर अवलंबून नाही.

शास्त्रज्ञ चुकतात, हे मात्र खरंच. २००२ साली देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला होता, पडला ८१ टक्के. पुढच्याच वर्षी जुनं सूत्र बाजूला ठेवून नवं आणलं. त्याहून मला लागलेली चूक हिमनद्यांची. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात छापलं गेलं. नीट न तपासलेला आकडा होता तो. २००९ मध्ये आपल्याच भूवैज्ञानिकांचा वेगळं सांगणारा अहवाल आला, तेव्हा समितीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला भोंदू विज्ञान म्हणून उडवून लावलं. जानेवारी २०१० मध्ये समितीला चूक कबूल करावी लागली. हिमनद्या वितळताहेत हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. पण त्या एका आकड्यापेक्षा त्या तोऱ्याने जास्त नुकसान केलं. प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवलं की तो पुन्हा ऐकायला येत नाही. तुमच्या मुलीलाही हे सांगा, प्रेमाने.

आणि वहीवरचा तुमचा विश्वास चुकीचा मुळीच नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी अशाच नोंदी जोडल्या, १९५० ते २०१५ च्या, गावोगावच्या पर्जन्यमापकांच्या. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिपटीने वाढल्या, असं त्यांना दिसलं. कुणीतरी रोज साडेआठला गुडघ्यावर बसलं, म्हणून हे कळलं.

तुमच्या वडिलांनी मृगाचा पहिला पाऊस कोणत्या तारखेला लिहिलाय, आणि आर्द्रा ते हस्त यांत सलग किती दिवस कोरडे गेले, एवढं वर्षवार उतरवून मला पाठवा. वही पोस्टात टाकू नका, पानांचे फोटो चालतील.