पगाराला पैसे मागताना लाजू नका : स्वयंसेवी संस्थांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळची बहुतेक पत्रे लहान संस्थांची आहेत. एखाद-दोन तालुक्यांत काम, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके कार्यकर्ते, आणि मार्च जवळ आला की पुढच्या वर्षाची धाकधूक. अडचण जवळपास सगळ्यांची एकच आहे. देणारे म्हणतात, काम मोजून दाखवा मग पैसे देऊ. आणि मोजायला माणूस ठेवायचा तर त्याच्या पगाराला कोणी पैसे देत नाही. निवडलेले प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आम्ही आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील महिलांसोबत काम करतो. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागाने आमचा प्रस्ताव परत पाठवला. ‘पगार आणि कार्यालयीन खर्च कायद्याने ५ टक्क्यांच्या वर दाखवता येत नाही’ असे कारण दिले. आमचे काम घरभेटींचे आणि समुपदेशनाचे. खर्चाचा मोठा भाग कार्यकर्त्यांच्या पगाराचाच असणार. काय करावे? (संस्थेच्या सचिव, यवतमाळ जिल्हा)

कायदा असे म्हणत नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की संस्थाही आता त्यावर विश्वास ठेवू लागल्या आहेत.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. प्रशासकीय खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीवर. म्हणजे कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेला खर्च तिच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांच्या आत हवा. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च या व्याख्येतून नियमानेच वगळला आहे. तुमची कार्यकर्ती घरोघर जाते तो खर्च अंमलबजावणीचा. तो कंपनीच्या प्रशासकीय खर्चात धरायचा नसतो.

तेव्हा अंदाजपत्रक नव्याने मांडा. ‘आस्थापना खर्च’ अशी एकच ढोबळ ओळ लिहू नका. समुपदेशक किती, प्रत्येकीकडे किती कुटुंबे, महिन्याला किती भेटी, एसटीचे भाडे किती, हे लिहा. हिशेबनिसाचा जितका वेळ या प्रकल्पाला लागणार आहे तितका त्याचा पगार प्रकल्पात धरा. नोंदी ठेवण्याचा आणि पाहणीचा खर्चही तिथेच येऊ द्या. सोबतच्या पत्रात नियमातली व्याख्या नम्रपणे उद्धृत करा. यानंतरही कंपनी नाही म्हणू शकते, तो तिचा अधिकार आहे. पण मग तो तिचा निर्णय असेल, कायद्याची सक्ती नव्हे, आणि हे दोघांनाही माहीत असेल.

आणखी एक. सीएसआर नियमांत बहुवर्षीय प्रकल्पाची सोय आहे. प्रकल्प सुरू झाला ते आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालू राहू शकतो. दुःखातून सावरणाऱ्या कुटुंबासोबत अकरा महिन्यांचे काम करून निघून येता येत नाही. म्हणून तीन वर्षांचाच प्रस्ताव द्या. सीएसआर-१ नोंदणी (कंपन्यांचा निधी घेण्यासाठीची), आयकराच्या दोन्ही नोंदण्या (एक संस्थेच्या उत्पन्नावरच्या सवलतीची, दुसरी देणगीदाराच्या सवलतीची) आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, एवढी कागदपत्रे आधीच तयार असू द्या.

प्रश्न : आम्ही धडगाव भागात कुपोषणावर काम करतो. देणगीदार ‘इम्पॅक्ट रिपोर्ट’ मागतात. आमच्याकडे संशोधक नाही, बाहेरून करून घ्यायचे तर लाखांत खर्च. लहान संस्थेने संशोधन करणे खरेच शक्य आहे का? (कार्यकर्ता, नंदुरबार जिल्हा)

शक्य आहे. महाराष्ट्रात ते झाले आहे, तेही तुमच्याच विषयात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत काम आणि तुलनेसाठी दुसरी ४७ गावे. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. नोंदी इतक्या काटेकोर होत्या की १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने निष्कर्ष छापले : तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट. पुढे ही पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या कामात आली.

तुम्ही म्हणाल, ते डॉक्टर होते, परदेशात शिकून आले होते. म्हणून दुसरे उदाहरण देतो, ते मला तुमच्यासाठी अधिक मोलाचे वाटते. सन २००० च्या सुमारास महाराष्ट्रातल्या १३ संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या गावांतले बालमृत्यू मोजले. त्यांत बऱ्याच संस्था तुमच्यासारख्या होत्या. गावात मूल जन्मले की नोंद, दगावले की नोंद, आणि कशाने दगावले याची घरी जाऊन चौकशी. २००१ मध्ये अहवाल आला तेव्हा दिसले की प्रत्यक्षातले बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. विधिमंडळात चर्चा झाली, सरकारला समिती नेमावी लागली. एकट्या संस्थेचा आकडा कोणीही झटकून टाकू शकले असते. १३ संस्थांनी एकाच पद्धतीने केलेली नोंद झटकता आली नाही.

तेव्हा पहिले काम हे करा : शेजारच्या तालुक्यांतल्या दोन-तीन संस्थांना गाठा आणि एकच नोंदवही ठरवा. दुसरे म्हणजे प्रश्न एकच घ्या. ‘आमच्या कामाचा परिणाम काय’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांपैकी किती जणांचे वजन दर महिन्याला खरेच होते आणि तीव्र कमी वजनाची मुले किती’ हा प्रश्न वहीत मावतो. काम सुरू होण्याआधीची स्थिती नोंदवा. हे राहून गेले तर नंतर कितीही खर्च केला तरी भरून निघत नाही. जिथे तुम्ही काम करत नाही अशी तीन-चार गावेही मोजा. पावसाळ्यातले वजन पावसाळ्यातल्या वजनाशीच ताडून पाहा. तुमच्याकडे दिवाळीनंतर कुटुंबे गुजरातकडे ऊसतोडीला जातात, तेव्हा मुलांची संख्या घटलेली दिसेल. ती मुले ‘बरी झाली’ म्हणून धरू नका. स्थलांतराचा रकाना वेगळा ठेवा.

समाजकार्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावेच लागते. प्राचार्यांना पत्र द्या, नोंदींची फेरतपासणी विद्यार्थ्यांकडून करून घ्या. दहातल्या एका घरी त्यांनी पुन्हा जाऊन वजन केले तरी तुमच्या आकड्यांना वजन येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हानिहाय पत्रके फुकट मिळतात, त्यांतला नंदुरबारचा आकडा आपल्या आकड्याशेजारी मांडा.

जे जमले नाही तेही अहवालात लिहा. चांगला देणगीदार तिथेच थांबून वाचतो. आणि आकडे देणगीदाराकडे पाठवण्याआधी पाड्यावर वाचून दाखवा. ती माहिती त्या आयांची आहे. करारात ‘माहितीवर निधी देणाऱ्याचा संपूर्ण हक्क’ असे कलम असेल तर सही करू नका, बदल मागा. मुलांची नावे आणि चेहरे अहवालात नकोत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. दर वर्षी दीड-दोन लाख रुपये ग्रामीण संस्थांना द्यायची इच्छा आहे. पण ताळेबंदात पगारांवरचा खर्च पाहिला की मन कचरते. आमचे पैसे थेट गरजूंपर्यंत जावेत असे वाटते. संस्था कशी निवडावी? (डोंबिवली)

आपली भावना समजते. पण शिकवणारी शिक्षिका, मलमपट्टी करणारी परिचारिका, वस्तीवर जाणारा कार्यकर्ता हीच ती ‘थेट मदत’ आहे. वह्या वाटणे सोपे असते. त्या वह्यांत मूल काही लिहू लागावे यासाठी रोज जाणारा माणूस लागतो, आणि त्यालाही घर चालवायचे असते. ब्रिजस्पॅन या अभ्यास करणाऱ्या संस्थेने भारतातल्या चांगला निधी मिळणाऱ्या ४० संस्थांचे हिशेब तपासले. त्यांचा अप्रत्यक्ष खर्च एकूण खर्चाच्या ५ ते ५१ टक्के निघाला, मध्यक (म्हणजे अगदी मधला आकडा) १९ टक्के. म्हणजे सगळ्यांना लागू पडेल असा एकच ‘योग्य’ टक्का नाही. रक्तपेढी आणि बालवाडी यांचे हिशेब सारखे कसे असतील?

टक्केवारीऐवजी तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा आणि ते किती सहजपणे दिले जातात ते पाहा. विश्वस्त एकाच घरातले आहेत का ते पाहा. एकदा प्रत्यक्ष जाऊन या, न सांगता नव्हे, सांगूनच. कामाच्या दिवशी पाहुणचाराची धांदल नको म्हणून मात्र आधीच बजावा. ओळखीची संस्था नसेल तर ‘लोकसत्ता’ २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमात संस्थांची ओळख करून देते, तिथून सुरुवात करता येईल.

निवड झाल्यावर दोन लाख दहा ठिकाणी वाटण्यापेक्षा दोन संस्थांना तीन-चार वर्षे सलग द्या आणि पत्रात लिहा, ‘संस्थेला गरज वाटेल तिथे खर्च करावा.’ या एका वाक्याने लहान संस्थेला किती मोकळा श्वास घेता येतो ते मी अनेकदा पाहिले आहे. रक्कम कायम निधीत ठेवायची असेल तर तसे पत्रात स्पष्ट लिहावे लागते. एरवी संस्थेला वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के कामावर खर्च करावे लागतात.

कराचे : नवी करप्रणाली निवडली असेल तर देणगीची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत ८०-जी म्हणून ओळखली जाणारी सवलत आहे, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून पावतीवरचा क्रमांक वेगळा दिसला तर घाबरू नका.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. सिंधुदुर्गातल्या माझ्या गावच्या शिक्षण संस्थेला प्रयोगशाळेसाठी पैसे द्यायचे आहेत. भावाच्या खात्यावर पाठवून त्याने दिले तर चालेल का?

नको. असे वळणाने पाठवलेले पैसे उघडकीस आले तर तुम्हाला तिथे काही होणार नाही, गावातली संस्था मात्र अडचणीत येईल.

तुमचा पासपोर्ट कोणता, यावर सगळे अवलंबून आहे. भारतीय नागरिकत्व कायम असेल आणि रक्कम तुमच्या स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत जात असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असूनही ती विदेशी देणगीच. मग संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा त्या देणगीपुरती पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खास खात्यातच जमा व्हायला हवी. पूर्वी पुण्या-मुंबईची मोठी नोंदणीकृत संस्था पैसे घेऊन गावच्या संस्थेला देऊ शकत असे. २०२० च्या दुरुस्तीने तो मार्ग बंद झाला. त्याची सर्वांत मोठी झळ खेड्यांतल्या संस्थांना बसली आहे; हा निर्णय बदलायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्थेकडे नोंदणी नसेल तर अमेरिकेत राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या गावकऱ्यांनी आपापल्या बचतीतून देणगी द्यावी. तुम्ही वेळ देऊ शकता : प्रयोगशाळेची आखणी, शिक्षकांशी दर पंधरवड्याला व्हिडिओवर तास. त्याला परवानगी लागत नाही.

प्रश्न : आमच्या विश्वस्त मंडळातील दोघांचे निधन झाले, एकाने राजीनामा दिला. धर्मादाय कार्यालयात नोंद अजून जुनीच आहे. देणगी मिळत होती, ती यामुळे अडली. (लातूर)

चेंज रिपोर्ट (विश्वस्तांतील बदल कळवणारा अर्ज) ९० दिवसांत द्यायचा असतो. उशीर झाला असेल तर विलंबमाफीच्या अर्जासह आजच द्या. मृत्यूचे दाखले, राजीनामा, सभेची सूचना व ती पोहोचल्याचा पुरावा, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे जोडा. सभेच्या सूचनेचा पुरावा नसल्याने बरेच अर्ज रखडतात. दाखल केलेल्या अर्जाची पोच देणगीदाराला दाखवा, बरेच जण तेवढ्यावर थांबायला तयार होतात.

प्रश्न : गणेश मंडळातर्फे वाचनालय काढायचे आहे. मंडळ नोंदणीकृत नाही. वर्गणी गोळा करता येईल का? (सातारा)

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाला कळवून गोळा करा आणि हिशेब द्या. वाचनालय कायमचे चालवायचे असेल तर मात्र नोंदणी करा. शासनाचे ग्रंथालय अनुदान त्याशिवाय मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या भागातल्या ग्रामसभांना तेंदू आणि बांबूतून स्वतःचे उत्पन्न आहे, पेसाचा (आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) निधीही येतो. मग आमच्यासारख्या संस्थेने देणग्या मिळवून गावात काम करण्याची गरज उरते का? (तरुण कार्यकर्ती, गडचिरोली जिल्हा)

गावातली कामे करण्यासाठी फारशी उरत नाही, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. तुमच्याच जिल्ह्यातले मेंढा (लेखा) हे देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी एक. २००९ मध्ये हक्क मिळाला, पण बांबू स्वतः विकता यावा यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडले. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अनेक वर्षे जे घडवले त्याच्या मुळाशी अभ्यासगट होता. निर्णय ग्रामसभेचा; अभ्यासगटात बाहेरचे लोक यावेत, माहिती द्यावी, चर्चा करावी, पण ठरवावे गावाने.

तुमच्या संस्थेसाठी निधी लागेल तो या अभ्यासासाठी. तेंदूच्या लिलावात शेजारच्या ग्रामसभांना काय भाव मिळाला, करारातले कोणते कलम ठेकेदाराच्या बाजूने झुकले आहे, जंगलात बांबूची किती बेटे शिल्लक आहेत आणि यंदा किती तोडले तर पुढे उरतील, ग्रामसभेच्या खात्याचे लेखापरीक्षण कोण करणार, या प्रश्नांवर काम करायला एक-दोन शिकलेली मुले पूर्ण वेळ लागतात. त्यांच्या पगाराला निधी मागा. सुरुवातीला देणगीदाराकडे मागा आणि तिसऱ्या वर्षापासून थोडा वाटा ग्रामसभांनी उचलावा असा ठराव आत्ताच मांडून ठेवा. ग्रामसभा पैसे देऊ लागली की तुमचा अहवाल तीच तपासेल, आणि तिला तो माडिया किंवा गोंडीत समजावून सांगावा लागेल. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यात येतो, लिलावाच्या हालचाली त्याच्या बऱ्याच आधी सुरू होतात. गेल्या तीन हंगामांचे भाव आणि करार गोळा करायला दिवाळीनंतर लगेच लागा.