कागदी मतदार यादी बंद करावी का?

प्रश्न : गेल्या निवडणुकीत माझ्या सासूबाई कोथरूडमधील मतदान केंद्रावर बराच वेळ रांगेत उभ्या होत्या आणि आत गेल्यावर त्यांना कळले की, त्यांचे नाव यादीतून वगळले आहे. त्या वर्षानुवर्षे तेथेच मतदान करत आल्या आहेत. सातबारासुद्धा ऑनलाइन मिळत असताना मतदार यादीचे कागदी गठ्ठे कशासाठी? केंद्रावर टॅब देऊन ते बंद करता येणार नाहीत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपला संताप रास्त आहे; मात्र दोष कागदाचा नाही. मतदार यादी आजही संगणकावरच तयार होते आणि केंद्रावर दिसते ती तिची छापील प्रत असते. वगळलेले नाव टॅबवरही दिसले नसते. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत नावे गायब असल्याच्या तक्रारी पुण्यात मोठ्या प्रमाणावर झाल्या, त्यांचेही मूळ यादी तयार होतानाच्या कामात होते.

छापील प्रतीचा उपयोग मतदान अधिकाऱ्याच्या टेबलाजवळ पाहावा. अधिकारी अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, शेजारी बसलेले उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी आपापल्या प्रतीत ते ताडून पाहतात आणि मतदाराच्या ओळखीबद्दल शंका असल्यास तेथेच आक्षेप घेतात. ही उघड पडताळणी मला फार मोलाची वाटते. टॅब आणावा, त्याने नाव चटकन सापडेल. पण छापील प्रत शेजारी राहू द्यावी. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या डरहॅम काउंटीत 2016 च्या निवडणुकीत मतदार यादीच्या संगणकांनी दगा दिला, तेव्हा कागदी याद्यांवरच काम चालवावे लागले आणि मतदारांचा खोळंबा झाला.

डिजिटल व्यवस्थेची खरी गरज मतदानाच्या कितीतरी आधी, नाव वगळतानाच आहे. मतदार राहायला दुसरीकडे गेला आहे, अशा कारणाने नाव वगळण्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी, असे 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो (मृत्यूचा अपवाद अर्थातच सोडून). प्रत्यक्षात नोटीस जुन्या पत्त्यावर जाते किंवा बंद दाराला चिकटवली जाते. नोंदवलेल्या मोबाइलवर संदेश जावा आणि वगळलेल्या प्रत्येक नावापुढे कारण व तारीख सर्वांना पाहता यावी, ही सुधारणा टॅबपेक्षा कितीतरी निकडीची आहे.

उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादीत नावे घालता किंवा वगळता येत नाहीत. त्यामुळे मतदानाच्या दिवशी केलेली तक्रार कितीही खरी असली तरी त्या वेळी तिचा उपयोग होत नाही. सासूबाईंनी आता नमुना 6 भरून नाव पुन्हा नोंदवावे आणि नाव कोणत्या कारणाने वगळले, याची लेखी विचारणा मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी. अर्ज फेटाळला गेल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.