वाचकांचे प्रश्न : अर्धांगवायू झालेली आजी आणि जादू येणारी नात

प्रश्न : मला कोझी फॅन्टसी आवडते. युद्धं नाहीत, जगबुडी नाही. घर, चहा, थोडी जादू आणि प्रेम. पण नुकत्याच वाचलेल्या एका प्रेमकथेत नायिका अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं मंत्राने दोन ओळींत उरकते, ते खटकलं. मी स्वतः अशी कादंबरी लिहिते आहे. त्यातल्या आजीची उजवी बाजू गेली आहे. सेवेचे तपशील दिले तर गोष्टीतली ऊब जाईल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : उलट तिथूनच ती येईल. या प्रकारात वाचक सुखावतो तो रोजची कामं निगुतीने होताना पाहून. केक भाजायला चार पानं आणि आजीला दोन ओळी दिल्या, तर आजी फक्त नायिकेच्या चांगुलपणाचा पुरावा होऊन बसते.

आधी जादू बाजूला ठेवून आजीचा एक दिवस लिहून काढा. स्वतःहून हलता न येणाऱ्या माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज पाहाव्या लागतात. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडल्यावरही फिकी पडली नाही, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे अंथरुणात पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते पाहायचं. अशा जागी तेल चोळायचं नाही, आतली नाजूक झालेली त्वचा आणखी दुखावते. ही चूक घरोघरी होते, म्हणजे मायेने तेलाची वाटी घेऊन येणाऱ्या शेजारच्या काकू तुम्हाला आयत्याच मिळाल्या.

भरवताना आजीला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, घास डाव्या गालाकडे. उजव्या गालात अन्न साठून राहतं, म्हणून शेवटी तोंड तपासायचं. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. पातळ पदार्थ सोपे वाटतात, पण गिळायला त्रास असेल तर पाण्यानेच आधी ठसका लागतो आणि ते श्वासनलिकेत उतरतं. डॉक्टरांनी सगळं दाटसर द्यायला सांगितलंय आणि आजीला हवाय पातळ चहा, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

ब्लाउज घालताना आधी उजवा हात, काढताना आधी डावा. उजव्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, खांदा सांध्यातून सरकतो.

आणखी एक. उजवी बाजू जाते तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या भागात असते आणि बहुतेकांचं भाषेचं केंद्र तिथेच असतं. त्यामुळे तुमच्या आजीला कळत असूनही शब्द सापडत नसतील. तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येईल असं विचारा आणि उत्तरासाठी थांबा. नातीने मंत्राने तिच्या तोंडी वाक्यं घालू नयेत.

जादू कोमट पाणी कोमटच ठेवू दे, पण कूस बदलायला माणसाचेच हात लागू देत. आणि शेवटी आजीला बरी करू नका. घरी आजारी माणूस असलेला वाचक तिथे पुस्तक मिटेल.

प्रश्न : मग नायकाला या सगळ्यात कुठे आणू?

उत्तर : चादर बदलताना. काम दोघांचं आहे. आजीला विचारून तिला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर लांबीच्या दिशेने गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, नवी अर्धी अंथरून तिचीही गुंडाळी शेजारी सारायची. मग आजीला त्या उंचवट्यावरून हलकेच दुसऱ्या कुशीवर घ्यायचं, जुनी काढून नवी ताणायची. पहिल्यांदा करणाऱ्याकडून सुरकुत्या राहतात, त्या कातडीला काचतात. नायिका ते पुन्हा करायला लावेल आणि तो करेल. पुढे पहाटे 2 ची कूस त्याच्याकडे द्या. नायिका झोपलेली असताना जे घडेल, ते प्रकरण आजीचं आणि त्याचं, दोघांचंच लिहा.